ठासणीच्या नळीची निगा

काळ्या दारूचं नेहमीचं प्रमाण म्हणजे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. नोबल आणि एबल या दोन ब्रिटिश संशोधकांनी १८७० च्या दशकात ही दारू बंद पात्रात जाळून उरलेल्याचं वजन केलं, तेव्हा निम्म्याहून जास्त भाग घनरूपातच मागे राहिलेला दिसला. बार उडाला की त्यातला काही पांढऱ्या धुराच्या लोटाबरोबर बाहेर पडतो आणि बाकीचा नळीच्या आतल्या अंगाला चिकटून बसतो. तोंडाकडून भरायचं कोणतंही हत्यार घ्या, कोकणातल्या शेतकऱ्याची ठासणीची बंदूक किंवा गडावरची तोफ, त्याची निगा या काळ्या थरापाशी सुरू होते.

या थरात पोटॅशियमचे क्षार असतात: कार्बोनेट, सल्फेट, सल्फाइड. नळी धुताना सडक्या अंड्यांचा वास येतो तो सल्फाइडचा. खरा उपद्रव मात्र ओल ओढून घेणाऱ्या क्षारांचा. दमट हवेत हा थर काही तासांत पाझरू लागतो आणि त्याच्याखाली लोखंड गंजायला लागतं. इथे बहुतेकांचा हात आपसूक तेलाच्या बाटलीकडे जातो. पण क्षार तेलात विरघळत नाहीत. नळीत तेल ओतलं की काजळीचा चिकट लगदा होतो, क्षार त्याच्या पोटात सुरक्षित राहतात आणि गंज तेलाच्या आड चालू राहतो. काळ्या दारूची नळी आधी पाण्यानेच धुवावी लागते. ज्या पाण्याला बंदूकवाला सर्वांत जास्त भितो, तेच तिचं पहिलं औषध आहे.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात या विषयाचा आढावा घ्यायला दोन कारणं आहेत. पहिलं कारण जुनं आहे आणि चाकण गावातच उभं आहे. जून १६६० मध्ये मुघल सरदार शाइस्ताखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत, म्हणजे ऐन पावसाळ्यात, मराठी किल्लेदार फिरंगोजी नरसाळ्याने हा भुईकोट झुंजवला. शेवटी सुरुंगाने बुरूज उडाला तेव्हा किल्ला पडला. ही लढाई तोफांची, तोड्याच्या बंदुकांची आणि सुरुंगाच्या दारूची होती, आणि तीही आषाढ-श्रावणाच्या झडीत. तोड्याच्या बंदुकीत सोऱ्यात भिजवून वाळवलेली सुताची दोरी पेटती ठेवावी लागते. चाप ओढला की घोडा खाली येतो, दोरीचं धगधगतं टोक रंजकाच्या, म्हणजे पेटवणीच्या दारूच्या, प्याल्यात टेकतं आणि नळीच्या बुडाशी असलेल्या छिद्रातून, म्हणजे कान्यातून, विस्तव आतल्या दारूपर्यंत जातो. यातली दोरी, रंजक, काना किंवा नळी अशी एक जागा ओली राहिली तरी बार होत नाही. त्या वेढ्याचे पावणेदोन महिने दोन्ही बाजूंच्या माणसांनी किती वेळ हत्यारं पुसण्यात आणि सुकवण्यात घालवला असेल, याचा विचार इतिहासाच्या पुस्तकांत फारसा होत नाही. तो व्हायला हवा.

दुसरं कारण आजचं. एमआयडीसीची स्थापना १९६२ सालची, आणि त्यानंतरच्या दशकांत भोसरी, पिंपरी, तळवडे, चाकण हा सगळा पट्टा लोखंडावर जगू लागला. बजाज, महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज यांचे कारखाने आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी असंख्य लहान वर्कशॉप्स. गंज कसा येतो आणि कसा रोखायचा, याचं रोजच्या कामातलं ज्ञान महाराष्ट्रात इतक्या दाटीने क्वचितच दुसरीकडे असेल. याच कारखान्यांतली तरुण मुलं सुट्टीच्या दिवशी गडकोटांच्या संवर्धनाला जातात. त्यांच्याकडे हात आहेत, हत्यारं आहेत, तळमळ आहे. पण नव्या सुट्या भागाला लागणारी सफाई आणि जुन्या नळीला लागणारी सफाई या दोन निराळ्या विद्या आहेत. पहिली विद्या जशीच्या तशी दुसरीकडे नेली की तीन शतकं टिकलेलं हत्यार एका दुपारीत संपतं.

ही काळजी आपल्याकडे नवीन नाही. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातलं. किल्ल्यांच्या प्रकरणात राज्यनीतीइतक्याच गांभीर्याने त्यात दारूखान्याची व्यवस्था येते. दारूखाना वस्तीच्या घराजवळ नसावा, आणि हवालदाराने दर आठ-पंधरा दिवसांनी स्वतः हजर राहून दारू, बाण, होके (हातगोळे) बाहेर काढून त्यांना ऊन द्यावं व पुन्हा मोहोर करून ठेवावं, असं ते सांगतं. पावसाळ्यासाठी वेगळी सूचना आहे: तोफांना तेल-मेण द्यावं, त्यांचे काने मेणाने बुजवावेत आणि तोफेवर आडोसा करावा. आजच्या संवर्धकाला यात दुरुस्ती सुचवायला जागा कमीच सापडेल. काना म्हणजे तोफेतलं सर्वांत अरुंद आणि थेट बुडाशी नेणारं छिद्र. पावसाचं पाणी तिथून आत शिरतं आणि बुडाशी, म्हणजे जिथे स्फोटाचा दाब सर्वाधिक असतो तिथेच, साचून राहतं. मेण पाणी अडवतं आणि गरज पडली तर क्षणात निघतं. मुख्य म्हणजे धातूला इजा करत नाही.

लढाईच्या धांदलीत मात्र निगेचा अर्थ वेगळा होता. प्रत्येक बारानंतर ओल्या बोळ्याने तोफेची नळी पुसावी लागे, नाही तर आत धुमसणाऱ्या ठिणगीवर पुढची दारू पडून भरणाऱ्याचाच जीव जाई. एडवर्ड मूर या इंग्रज अधिकाऱ्याने १७९०-९१ च्या धारवाडच्या वेढ्यात मराठी तोफखाना जवळून पाहिला आणि त्याच्या संथपणाबद्दल बरंच नापसंतीने लिहिलं. त्याची टीका बरीचशी खरी असावी. तरीही घडीव लोखंडाच्या जुन्या तोफा आणि जाडीभरडी दारू हाताशी असताना दोन बारांमधला वेळ हा गोलंदाजाचा विमाही होता, हे त्या टीकेबरोबर लक्षात ठेवायला हवं.

महाराष्ट्रात ठासणीची बंदूक अजून जिवंत आहे ती मुख्यतः सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. रानडुक्कर आणि वानर यांच्यापासून भात, नारळ, काजू राखायला. तोडा कधीच गेला. त्याच्या जागी तांब्या-पितळेची केप आली, जी निपलवर बसते आणि घोड्याच्या आघाताने पेटते. या बंदुकीची सफाई नीट केलेली पाहिली तर तिच्यात घाई कुठेच दिसत नाही. आधी गज नळीत सोडून तो तळाला लागतो का, हे पाहायचं. बाहेरून मोजलेली नळीची लांबी आणि आत गेलेला गज यांत चार बोटांचा फरक पडला तर आत बार आहे असंच धरायचं. मग निपल काढायची, शक्य असेल तर नळी लाकडी दस्त्यापासून सोडवायची आणि तिचं बूड कोमट पाण्याच्या बादलीत ठेवायचं. गजाला घट्ट चिंधी गुंडाळून वरखाली केलं की कान्यातून पाणी आत ओढलं जातं आणि बाहेर फेकलं जातं. पहिलं पाणी शाईसारखं काळं येतं, दुसरं राखाडी, तिसरं जवळपास स्वच्छ. साबणाचे दोन थेंब पुरतात. उकळतं पाणी घालण्याची जुनी सवय आहे, कारण गरम नळी लवकर सुकते. पण तापलेल्या ओल्या लोखंडावर बघता बघता तांबूस झाक चढते, म्हणून कोमट पाणी आणि भरपूर कोरड्या चिंध्या हे जास्त बरं. शेवटची चिंधी पांढरी आणि कोरडी निघाली की मगच तेलाचा पातळ हात. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा कोरडी चिंधी फिरवायची. ती तांबडी निघाली तर आदल्या दिवशीचं काम अपुरं झालं.

यात हटकून चुकते ती दस्त्याखालची बाजू. देशी बंदुकांत नळी लाकडाला पट्ट्यांनी किंवा तारेने आवळलेली असते, आणि पाणी त्या फटीत उतरतं. वरून चकाकणारी नळी खालून खवल्यांनी पोखरलेली निघते ती यामुळे. निवडणुकीच्या काळात परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, तेव्हाही हीच अडचण येते. धुऊन, सुकवून, तेल लावून दिलेली बंदूक महिनोन् महिने टिकते. शेवटच्या बारानंतर तशीच दिलेली टिकत नाही.

आणखी एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. काडतुसातली आधुनिक धूरविरहित दारू ठासणीच्या नळीत कधीही भरू नये. तिचा दाब फार वेगळा असतो आणि जुनी नळी तो सहन करत नाही. फुटलेल्या नळीने बोटं आणि डोळे गेल्याची उदाहरणं जगभर आहेत. निगेच्या कोणत्याही चर्चेत हे आधी यायला हवं.

आता भिंतीवरच्या, माळ्यावरच्या, संग्रहालयातल्या नळ्या. ज्यातून पुन्हा कधी बार उडवायचा नाही असं हत्यार. इथे सगळा हिशेब उलटा होतो. चालू बंदुकीची सफाई ताबडतोब आणि संपूर्ण करायची असते; जुन्या वस्तूला हात लावण्याआधी थांबायचं असतं. देशी तोडेदार बंदुकांच्या नळ्या लोखंडाच्या पट्ट्या पीळ देऊन, तापवून, ठोकून घडवलेल्या असत. त्या पिळाची नक्षी धातूच्या अगदी वरच्या थरात दिसते. तोंडाशी आणि बुडाशी सोन्या-रुप्याच्या तारेचं कोफ्तगारी काम असतं, आणि ते तर केसाइतकं पातळ. भोसरीतल्या एखाद्या प्लेटिंगच्या शॉपमध्ये अशी नळी गेली तर काय होईल, हे त्या कामाची रीत माहीत असलेल्याला सांगावं लागत नाही. आधी आम्लाच्या टाकीत बुडवणं, मग बफिंग, मग निकेल. संध्याकाळी नळी आरशासारखी चमकते. नक्षी, तार, कारागिराचा ठसा, दागदुरुस्तीच्या खुणा, सगळं टाकीच्या तळाशी. शिवाय मिठाच्या आम्लातलं क्लोराइड धातूच्या बारीक भेगांत राहून जातं आणि निकेलच्या आतून पुन्हा गंज फुटतो.

वायर ब्रशचंही तेच. ग्राइंडरला लावलेला वायर व्हील तर बंदच असावा. वेल्डिंगचे शिंतोडे काढायला तो बनला आहे. जुन्या लोखंडावर घट्ट बसलेला काळसर-तपकिरी थर हा गंजच असला तरी तो स्थिर असतो आणि खालच्या धातूचं थोडंफार रक्षण करतो. सुटणारा, भगवा, हाताला पावडर लागणारा गंज तेवढा काढायचा. तोही भिंगाखाली, स्काल्पेल किंवा काचतंतूच्या पेन्सिलीने, बोटभर जागा घेऊन. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कलासंवर्धन केंद्र आहे, लखनौला सांस्कृतिक वारशाच्या संवर्धनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. अशा ठिकाणी एका नळीवर आठवडे जातात. कारखान्याच्या तासांच्या हिशेबात ते बसत नाही, आणि बसवूही नये.

तरी कारखान्याचं सगळंच ज्ञान इथे निरुपयोगी आहे असं नाही. चाकणहून परदेशी जाणारे सुटे भाग ज्या निळ्या-पिवळ्या व्हीसीआय पिशव्यांत बांधले जातात, त्यांतून निघणारी वाफ लोखंडावर अदृश्य थर धरते. कोठारात ठेवलेल्या साध्या लोखंडी वस्तूंना हा उपाय लागू पडतो. चांदी-पितळेचं जडावकाम असेल तर मात्र कोणत्या धातूंसाठी ती पिशवी बनली आहे, हे आधी पाहावं लागतं. सुट्या भागांना गंज लागू नये म्हणून लावतात त्या आरपी ऑइलचं तसं नाही. ते धूळ धरतं आणि लाकडात मुरतं. त्याऐवजी संग्रहालयं सूक्ष्मस्फटिकी मेण वापरतात. त्यातलं सर्वांत प्रसिद्ध मिश्रण १९५० च्या दशकात ब्रिटिश म्युझियममध्ये तयार झालं. अमात्यांनी सांगितलेलं तेल-मेण आणि हे मेण यांच्यातलं नातं सरळ आहे.

गंज स्थिर करण्यासाठी संवर्धक टॅनिक आम्ल वापरतात. ब्रशने पातळ द्रावण लावलं की भगवा गंज काही मिनिटांत जांभळट आणि मग निळसर काळा होतो, कारण लोखंड आणि टॅनिन यांचं न विरघळणारं संयुग तयार होतं. याच रसायनावर बोरूची काळी शाई चाले: हिरडा आणि हिराकस. चाकण ज्या खेड तालुक्यात आहे त्याच्याच पश्चिम अंगाला, भीमाशंकरच्या रानात, आणि शेजारच्या आंबेगाव-जुन्नरमध्ये आदिवासी कुटुंबं दर हंगामात हिरडा गोळा करतात. त्यात टॅनिन भरपूर असतं. म्हणून घरी हिरड्याचा काढा करून आजोबांच्या बंदुकीवर ओतावा असं नाही. त्याची तीव्रता मोजलेली नसते आणि त्यात इतर आम्लंही असतात. पण लोखंड काळं करून टिकवण्याची रीत या डोंगरांना अनोळखी नाही, हे सांगायला हरकत नाही.

पितळेच्या भागांना अमोनिया असलेलं पॉलिश लावण्याबाबत हिंदुस्थानातलाच एक धडा आहे. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं इथे पावसाळ्यात तबेल्यांत साठवली जात आणि काही महिन्यांत त्यांना चिरा पडत. पावसाच्या हंगामात होतं म्हणून इंग्रजीत त्याला ऋतूवरून नाव पडलं. खरं कारण १९२१ मध्ये स्पष्ट झालं: घोड्यांच्या मुतातून हवेत जाणारा अमोनिया आणि घडवताना पितळेत राहिलेला ताण. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून पिंपरीच्या उंबरठ्यावर आहे. या पट्ट्यातल्या धातूकाम करणाऱ्याने ही गोष्ट माहीत करून घ्यावी अशी आहे.

तोफांचा प्रश्न आकारामुळे अवघड होतो. विजापूरची मलिक-ए-मैदान १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली. ती पंचरसी, म्हणून उघड्यावरही टिकून आहे. लोखंडी तोफांना ते भाग्य नाही. गडावर त्या मातीत अर्ध्या गाडलेल्या, तोंड आभाळाकडे, आत पाणी, पाला आणि प्लास्टिक. अशा तोफेसाठी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी काम म्हणजे ती जमिनीपासून उचलणं आणि पाणी बाहेर ओघळेल इतकं तोंड खाली झुकवणं. सह्याद्री प्रतिष्ठानसारख्या संस्थांनी अनेक किल्ल्यांवर सागवानी तोफगाडे बसवले ते शोभेपेक्षा या दृष्टीने मोलाचे आहेत. त्याउलट सिमेंटचा ओटा ओल धरून ठेवतो, आणि त्याला टेकलेली बाजू कुणाला दिसतही नाही. डांबर किंवा ऑइलपेंट फासण्याचा मोह टाळावा: रंग सुकला की त्याला तडे जातात, तड्यांतून पाणी आत जातं आणि बाहेर येऊ शकत नाही.

समुद्राजवळच्या तोफा आणखी निराळ्या. कोळ्यांच्या जाळ्यात किंवा पुळणीत ओतीव लोखंडाची तोफ सापडली आणि ती कोरडी करून ठेवली, तर काही आठवड्यांत तिचे पापुद्रे सुटू लागतात. खाऱ्या पाण्याने लोखंड खाऊन टाकलेलं असतं आणि ग्राफाइटचा पोकळ सांगाडा उरलेला असतो. त्यात क्लोराइड भरलेलं. ती ओलीच ठेवून, क्षारीय द्रावणात विजेच्या साहाय्याने क्लोराइड काढत, महिने किंवा वर्षं काम करावं लागतं. ब्रिस्टलमध्ये १८४३ सालचं ग्रेट ब्रिटन हे लोखंडी जहाज टिकवण्यासाठी त्याच्या खालच्या भागाभोवतीची हवा २० टक्के आर्द्रतेवर राखली जाते. श्रावणात पुण्याची आर्द्रता ८० च्या पुढे असते. क्लोराइड शिरलेली वस्तू कोकणातून आणून चिंचवडच्या काचपेटीत ठेवली म्हणजे ती वाचली, असं होत नाही.

सापडलेली नळी किंवा गोळा साफ करण्याआधी स्फोटाची भीती मात्र लक्षात ठेवायला हवी. कोरडी राहिलेली काळी दारू शतकानंतरही पेटते. अमेरिकेत व्हर्जिनियात २००८ मध्ये यादवी युद्धाच्या वेळचा पोकळ गोळा साफ करताना झालेल्या स्फोटात एक अनुभवी संग्राहक ठार झाला. घासण्याची एक ठिणगी पुरली असावी. पोकळ गोळा, भरलेली नळी किंवा कान्यात काही अडकलेलं दिसलं तर घासणं, तापवणं, ड्रिल लावणं यांतलं काहीही करू नये. पोलिसांना आणि त्यांच्यामार्फत बॉम्बशोधक पथकाला कळवावं.

कायद्याचा भागही सफाईशी जोडलेला आहे. १०० वर्षांहून जुनं हत्यार १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकतं. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ४५ जुन्या घाटणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या हत्याराला सवलत देतं, पण ते बंद पडलेलं आहे एवढ्याने भागत नाही. दुरुस्ती करूनही चालणार नाही, असं ते असावं लागतं. वाड्याच्या भिंतीवरच्या नळीचा काना गंजाने बुजलेला असेल आणि एका दुपारच्या सफाईने तो मोकळा होणार असेल, तर ती नळी या सवलतीत बसेलच असं धरून चालता येत नाही. म्हणून तिला पाणी, तेल, मेण यांतलं काहीही लावण्याआधी तिचे चारही बाजूंनी फोटो काढावेत, लांबी आणि तोंडाचा व्यास मोजून लिहून ठेवावा, आणि ती नोंद घेऊन जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत विचारणा करावी.